देठासकट

वीज जाऊन आज नऊ दिवस.
फ्रीज आता नुसतं कपाट आहे,
त्यात मी मेणबत्त्या ठेवते
आणि पाच अंडी,
ती उद्याही चांगली असतील
असं म्हणायची हिंमत नाही.

वादळाने विराकमधली छपरं नेली,
आमच्या गल्लीतले खांब गुडघ्यात वाकवले,
परसातली पपई नेली,
खुराडं नेलं, कोंबड्या ठेवल्या.
वांग्याच्या झाडांना हातसुद्धा लावला नाही.
वादळाला वांगी आवडत नसावीत.
माझ्या नवऱ्यालाही नव्हती.

दारासमोरच्या नव्या खांबावर
सकाळपासून एक मुलगा चढलाय.
आक्लानहून आला, दोन बोटी बदलून.
नाव वेनान्सियो.
हे मी त्याला खालून ओरडून विचारलं
आणि त्याने वरून ओरडून सांगितलं.
एवढी ओळख झाल्यावर
जेवायला न थांबवणं बरं दिसत नाही.

कोळशावर चार वांगी,
लांब, बारीक, जांभळी.
आधी टोचे मारायचे, नाहीतर फुटतात.
साल काळी पडेपर्यंत थांबायचं,
मग कूस बदलायची,
आजारी माणसाची बदलतात तशी.
नवऱ्याची दीड वर्ष बदलली,
वांग्यांची जन्मभर.

सोलायला बसले तोवर अंधारलं.
मेणबत्ती वाऱ्याने दोनदा विझली,
तिसऱ्यांदा मीच नाद सोडला.
पाण्यात बोटं बुडवायची, साल ओढायची,
चटका, पुन्हा पाणी.
अंधारात बोटांना डोळे फुटतात म्हणे.
माझ्या बोटांना चष्मा लागलाय,
ते नंतर कळलं.

देठ तोडायचा नाही.
डाव्या हाताने देठ धरायचा
आणि काट्याने दाबत दाबत खाली यायचं,
गर पसरतो, पातळ होतो,
पण एकमेकांना सोडत नाही.
मग फेटलेल्या अंड्यात, मीठ, लसूण,
इकडून बुडव, तिकडून बुडव,
आणि तेलात.
चर्र.

पहिलं उलटवायला देठ धरला
तेवढ्यात बल्ब लागला.

सगळी गल्ली बेंबीच्या देठापासून ओरडली.
कुणी पातेलं बडवलं, कुत्री भुंकली,
शेजारच्या इमेल्दिनाचा रेडिओ
अर्ध्या वाक्यापासून बोलायला लागला,
जसा काही नऊ दिवस श्वास घ्यायला थांबला होता.
माझा पंखा फिरला, राख घरभर.
मी ओरडले नाही.
माझ्या हातात काम होतं.

आणि त्या उजेडात दिसलं:
पिवळ्याधमक अंड्यात
काळे, जळके, सालीचे कपटे.
एक नाही, दोन नाही.
पन्नास वर्षं मी हा पदार्थ करतेय.

तो उंबऱ्यावर बसला, बूट बाहेर काढून.
भात, वांगं, त्यावर केळ्याचं लालभडक केचप
हात आखडता न घेता.
दोन वांगी संपेपर्यंत बोलला नाही.
“सालीचं बघ हं,” मी म्हटलं.
“साल?” तो म्हणाला. “मला वाटलं मिरी.”
खोटं बोलायला त्याला कुणीतरी नीट शिकवलंय.

तिसऱ्याचा देठ चिमटीत धरून म्हणाला,
“आमची आई हा आधीच कापते.
आम्ही गोळा करायचो.
बहिणीच्या बाहुल्यांना टोप्या.”
“किती बाहुल्या?”
“एकच. टोप्या पुष्कळ.”

मग उठला. पलीकडच्या गल्लीत
अजून काळोख होता.
दोरखंड खांद्यावर, बूट हातात,
“नानाय, येतो,” म्हणाला,
येणार नाही हे दोघांनाही ठाऊक.

मी माझं वांगं खाल्लं, गार झालेलं.
ताटं घासली, बल्बखाली, सावकाश,
सवय गेली होती स्वतःचे हात बघायची.
किती वाजले होते कोण जाणे,
पलीकडून एकदम ओरडा उठला, लांबलचक,
आणि मी जिभेने
दातात अडकलेला सालीचा कपटा शोधत
दिवा मालवायला उठले.